धुतलेलं यान

सोमवार, ४ मार्च

हाताची थरथर कमी करायची तर रोज थोडं लिहीत जा, असं डॉक्टर म्हणाले. काय लिहू विचारलं, तर म्हणे मनातलं. आता माझ्या मनातलं सगळं लिहायचं तर डॉक्टरांना दवाखाना बंद करून वाचत बसावं लागेल. शाळा चौथीतच सुटली, त्यामुळे अक्षराबद्दल कुणी बोलू नये. त्यात उजवी करंगळी वाकडी. माझा थोरला मुलगा लहानपणी रांगत रांगत गॅरेजच्या दाराशी गेला होता, त्याला मागे ओढताना ती शटरखाली सापडली. बाकीची बोटं कागदावर राबतात आणि ही बया वर उभी राहून बघते, मुकादमासारखी.

तर मनातलं म्हणजे असं, की आमच्या घरात अंतराळयान आलंय आणि माझं डोकं उठलंय.

यान खाली गॅरेजमध्ये आहे. गाड्या दुरुस्तीचं ते गॅरेज ह्यांचं. हे गेल्यापासून बंदच होतं. बिट्टीने, म्हणजे माझ्या नातीने, किल्ली मागितली. "आजी, सिनेमा करतेय. विज्ञानाचा. सगळी गोष्ट एका यानात घडते." मी किल्ली काढून दिली. जीव मागितला असता तर तोही दिला असता, पण हे तिला कळू द्यायचं नाही, डोक्यावर बसेल. आधीच बसलीय.

जेवताना धाकटा, म्हणजे बिट्टीचा बाप, म्हणाला, "एकच सिनेमा. टॉकीजवाल्याने लावला तर लावला. नाही लावला तर तू माझ्या ऑफिसात, विम्याच्या टेबलावर. कबूल?"

"कबूल. पण लावला तर पुन्हा विम्याचं नाव काढायचं नाही."

"कोण बघतं गं असले सिनेमे?"

"तुम्ही बघाल, बाबा."

"मला झोप येते."

दोघंही हट्टी, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. सूनबाई गपचूप ताटं उचलत होती. पोरीला टेबलाशी बांधलं तर ती वाळून जाईल, हे मला दिसतं, सूनबाईला दिसतं. तिच्या बापाला मात्र चष्मा लावूनही दिसत नाही.

शनिवार, ९ मार्च

मला वाटलं होतं, यान म्हणजे काहीतरी चकचकीत असणार. आज खाली जाऊन बघते तर जुन्या गाड्यांचे डॅशबोर्ड, वॉशिंग मशीनची गोल दारं, नळ्या, वायरींचे गुंते! आणि या सगळ्याला एक पोरगा चहाचं पाणी, काजळी आणि जळकं ऑइल फासत बसलेला. त्याचं कामच ते. वस्तू आणायच्या, जोडायच्या, आणि मग डोळ्यांत तेल घालून त्या घाण करायच्या. मी त्याचं नाव कळकट्या ठेवलं. तर मेला खूश झाला.

"अरे पण का?" मी विचारलं.

"आजी, असला सिनेमा नवेपणाने मरतो. सगळं चकाचक असलं की लोकांना पुठ्ठा दिसतो. दाराच्या मुठीला हाताचा मळ दिसला की वाटतं, इथे कुणीतरी खरंच राहतं."

"आमच्याकडेही माणसंच राहतात. आम्ही पुसतो."

तो हसला आणि अजून एक फराटा ओढला. माझ्या अंगावर काटा आला. ह्यांच्या गॅरेजमध्ये सुद्धा पाना वापरला की पुसून जागेवर जायचा.

गोष्ट काय, तर फार लांब, आकाशात, एका यानात एका म्हातारीला ठेवलंय. दीपगृहासारखं ते यान. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट दाखवायची. तिला सोडवायला बदलीचा माणूस यायचाय. निघालो, पोचतोच, असे निरोप येत राहतात. तो काही येत नाही. म्हातारी वाट बघते.

मी म्हटलं, "बावळटच आहे तुझी म्हातारी. इतकी वर्षं कोण वाट बघत बसतं? दोन खरमरीत शब्द सुनवायचे आणि यान घेऊन चालू लागायचं."

बिट्टी माझ्याकडे बघतच राहिली. माझ्या तोंडाला काही लागलं होतं की काय कोण जाणे.

मग मी विचारलं, तिथे प्यायला पाणी कुठलं? तर म्हणे, म्हातारीच्याच श्वासातली वाफ यंत्र गोळा करतं आणि तिचं पाणी करतं. रोज एक पेला. थेंबभरही जास्त नाही.

"म्हणजे स्वतःचाच श्वास प्यायचा? शी!"

"शी तर शी. पण एकदा ठरवलं की एक पेला, तर शेवटपर्यंत एकच पेला. आपणच आपला नियम मोडला की लोक हसतात, आजी. मग कितीही यानं उडवा."

म्हातारीचं काम करायला नाटकातली एक जुनी नटी आणलीय. मी तिला राणीसरकार म्हणते, मनातल्या मनात. चहा दिला की आधी कपाच्या आत डोकावते. आमच्या कपात काय पाल सापडणार आहे?

रविवार, १० मार्च

थोरल्याचा फोन आला. परदेशात असतो तो, रविवारी न चुकता करतो. आवाज बसलेला वाटला. यंदा नक्की येतो म्हणाला. त्याला कामाचा केवढा व्याप, तरी आठवण ठेवतो. फोन झाल्यावर त्याची खोली झाडून घेतली. रविवारी ती झाडायचीच असते.

शुक्रवार, १५ मार्च

टॉकीजवाले येऊन गेले. पोट आधी आलं, ते मागून. झालेलं काम बिट्टीने त्यांना छोट्या पडद्यावर दाखवलं. मी चहाचं निमित्त करून दाराशीच उभी होते.

"यात स्फोट कुठाय?" टॉकीजवाले म्हणाले.

"नाही."

"राक्षस?"

"नाही."

"निदान एखादी तरुण पोरगी? घट्ट कपड्यातली?"

"एक म्हातारी आहे," बिट्टी म्हणाली.

टॉकीजवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू काही मीच ती. मग म्हणाले, "बेटा, यान छान केलंयस. अगदी खरं वाटतं. पण खरं यान बघून माणूस काय करणार? दहा मिनिटं बघेल आणि मग घड्याळ बघेल. आत कोणीतरी पाहिजे ना, जिची काळजी वाटावी. ही तुझी म्हातारी नुसती खिडकीबाहेर बघत बसते."

बिट्टीचा चेहरा पडला. मला एवढा राग आला, की त्यांच्यासाठी आणलेली बिस्किटं मी तशीच परत नेली.

शेवटी त्यांनी तेरा एप्रिलचा दुपारचा एक खेळ दिला. "माझ्या खुर्च्या जुन्या आहेत," म्हणाले. "माणूस कंटाळला की कुरकुरतात. मी मागे उभा राहून ऐकतो. कुरकुर कमी झाली तर आठवडाभर लावीन. नाहीतर जय राम."

आता पोरीचं नशीब खुर्च्यांच्या हातात. या माणसाने तेलाची बुधली आणली असती तर सगळ्यांचाच प्रश्न सुटला असता.

रविवार, १७ मार्च

थोरला येतोय! पुढच्या रविवारी! ऑफिसच्या कामासाठी इकडून जायचंय, एक दिवस उतरतो म्हणाला. तीनदा विचारून घेतलं. पडदे, चादरी, स्वयंपाकघर, किती कामं पडलीत. आज लिहायला वेळ नाही.

बुधवार, २० मार्च

आज फार काम झालं, पण जिवाला काय बरं वाटतंय म्हणून सांगू! बिट्टी आणि तिची सगळी फौज गावाबाहेरच्या खाणीत गेली, तिथे म्हणे दुसऱ्या ग्रहाची जमीन मिळते, म्हातारीच्या खिडकीतून दिसायला. घर मोकळं. वरचं सगळं आवरून झालं आणि एकदम मनात आलं, थोरला आला की पहिला कुठे जाईल? बापाच्या गॅरेजमध्ये. आणि तिथे तो उकिरडा!

शेजारणीला हाक मारली. दोघींनी गरम पाणी, साबण, घासणी, जुनी फडकी घेतली. काजळी सुटता सुटेना. शेजारीण म्हणाली, "अहो, हे त्यांनी मुद्दाम केलं नसेल ना?" मी म्हटलं, "मुद्दाम घाण कोण करतं? त्यांना वेळ नाही, म्हणून राहिलंय." कळकट्याचं बोलणं आठवत होतं मला, पण तो काय, पोरकट आहे, काहीही बोलतो. दारांच्या मुठी चिंचोळ्या, त्या दात घासायच्या ब्रशने घासल्या. दुपार कलली तेव्हा ते यान असं लखलखत होतं, की हे असते तर पाठ थोपटली असती. पाठ मोडलीय खरी. असू दे.

पोरं आली की किती खूश होतील!

गुरुवार, २१ मार्च

माणसाने कुणाचं भलं करू नये. कानाला खडा.

सकाळी कळकट्याने शटर वर केलं आणि मटकन खालीच बसला. "आजी, हे काय केलंत?" एवढंच बोलला. मग वॉशिंग मशीनच्या दारावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिला. बोट स्वच्छ. त्याच्या डोळ्यांत पाणी! स्वच्छ बोट बघून रडणारा माणूस मी आज पहिल्यांदा पाहिला.

झालंय असं, की अर्धा सिनेमा घाणेरड्या यानात घेऊन झालाय. उरलेला या धुतलेल्या यानात घेतला तर एका दारातून म्हातारी कळकट जाणार आणि दुसऱ्या दारातून लख्ख निघणार. घाण पुन्हा तशीच्या तशी बसवायला वेळ नाही, कारण राणीसरकार महिनाअखेरीला नाटकाच्या दौऱ्यावर चालल्यात. त्या मात्र म्हणाल्या, "मला तर आत्ता बरं वाटतंय. परवा माझ्या बाहीला ग्रीस लागलं होतं." जन्मात पहिल्यांदा मला ती बाई आवडली.

बिट्टी ओरडली असती तर चार शब्द मलाही सुनावता आले असते. नुसती यानात जाऊन बसली, दार ओढून.

संध्याकाळी धाकटा म्हणाला, "चला, विम्याचं टेबल पुसून ठेवायला सांगतो."

मी म्हटलं, "एक शब्द बोललास तर तुला उपाशी ठेवीन." सूनबाईने त्याच्या पुढ्यातली वाटी खरोखरच उचलली.

साफ केल्याबद्दल बोलणी खाणारं जगात आमचं एकच घर असेल. मला झोप लागणार नाही आज.

शुक्रवार, २२ मार्च

सकाळी बिट्टी माझ्या पलंगावर येऊन बसली. डोळे सुजलेले.

"आजी, खरं सांग. का धुतलंस?"

"अगं, थोरला येतोय ना परवा. बापाचं गॅरेज असं बघून त्याला काय वाटेल?"

"मागे येणार होता काका, तेव्हा काय केलं होतंस?"

"तेव्हा गच्ची धुतली होती."

"त्याच्या आधी?"

"सगळ्या गाद्या उसवून पिंजल्या होत्या. का? ही काय चौकशी लावलीस सकाळी सकाळी?"

ती माझा हात धरून बसली. करंगळी दाबत होती, लहानपणी दाबायची तशी. मग ताडकन उठली आणि कळकट्याला हाका मारत जिना उतरली. एकेक पायरी सोडून! पडली असती म्हणजे?

थोड्या वेळाने पुन्हा वर आली. म्हणे, तोड सापडली. म्हातारीला पक्का निरोप येतो, माणूस येतोय, आणि ती सगळं यान घासून काढते. म्हणजे अर्धं कळकट, अर्धं लख्ख, दोन्ही चालतं.

"आणि पाणी?" मी विचारलं. "एक पेला ना रोजचा? फडकं कशाने भिजवणार?"

"त्याच पेल्यातल्या पाण्याने."

"वेडी आहे का ती? तहानेने मरेल!"

"हो ना?" बिट्टी म्हणाली आणि हसली. हसत होती की रडत होती काही कळेना. पण माझी पोरगी परत आली एवढं खरं.

रविवार, २४ मार्च

थोरल्याचं जमलं नाही. विमान बदललं म्हणे ऑफिसने, परस्पर पुढे गेला. फोनवर बिचारा किती वेळा सॉरी म्हणाला. मीच त्याला समजावलं, की काम आधी.

दोन कप काढून ठेवले होते, त्यातला एक परत ठेवला. मग त्याच्या खोलीतली खिडकी पुसायला घेतली. बिट्टी दाराशी येऊन उभी. मी म्हटलं, हात तरी लाव नाहीतर सरक, उजेड अडतोय. ती सरकली, पण गेली नाही.

बुधवार, २७ मार्च

आज माझं शूटिंग झालं!!

म्हणजे असं, की राणीसरकारांना फडकं पिळता येत नाही. चिमटीत धरतात, उंदीर उचलल्यासारखं. मी दाराआडून बघत होते, शेवटी राहवेना. "अहो, असं नाही, मनगट फिरवा!" सगळे वळून बघायला लागले. राणीसरकार म्हणाल्या, "मग तुम्हीच पिळा." मी घेतलं आणि पिळलं. बिट्टी कॅमेरावाल्याला हळूच म्हणाली, "हेच घे. फक्त हात."

मला त्यांनी म्हातारीच्या पोशाखाच्या बाह्या चढवल्या. पेल्यातलं पाणी फडक्यावर ओतायचं, पिळायचं, पुसायचं. हात थरथरतात म्हटलं, तर बिट्टी म्हणाली, थरथरू दे. करंगळी आत वळवून घेतली, तर म्हणाली, नको, दिसू दे. आणि एकदा झालं की पुन्हा, पुन्हा झालं की अजून एकदा. एवढ्यात माझं सगळं घर पुसून झालं असतं. आणि तो कळकट्या! जिथे पुसायचं तिथे आधी स्वतःच्या हाताने काजळी लावून देत होता. असा धंदा कुठे पाहिला नाही.

शेजारणीला सांगितलं, मी सिनेमात आहे. "कुठे?" म्हणाली. "मनगटापासून पुढे."

बुधवार, १० एप्रिल

बिट्टी दिवसभर कॉम्प्युटरला चिकटलेली. जेवायला हाक मारा, हूं. अंघोळीला हाक मारा, हूं. मध्येच वर येऊन विचारते, काकाचा कॉम्प्युटरवरचा पत्ता कुठाय? फ्रिजवर चिकटवलाय, म्हटलं. वाढदिवस तर त्याचा नोव्हेंबरात असतो. हिला काय आत्ताच आठवला?

धाकट्याने तिच्यासाठी ऑफिसात घालायच्या चपला आणून ठेवल्यात. काळ्या, बंद. खोक्यातच आहेत, कुणी उघडलं नाही.

शनिवार, १३ एप्रिल

जीव टांगणीला म्हणजे काय, ते आज कळलं. टॉकीज अर्धी भरली होती. कोण कुठली माणसं, काही नुसती थंड हवा खायला आलेली. टॉकीजवाले मागच्या दाराशी हाताची घडी घालून उभे. माझ्या एका बाजूला धाकटा, दुसऱ्या बाजूला सूनबाई. बिट्टी बसलीच नाही, पडद्याशेजारच्या अंधारात उभी होती.

सिनेमा सुरू झाला. यान खरंच खरं वाटत होतं, कळकट्याला आता तेवढं मानायला हरकत नाही. पण त्या मेल्या खुर्च्या! इकडे कुर्र, तिकडे कुर्र. पुढच्या रांगेतले दोघं उठून गेले. मला वाटलं, जाऊन त्यांची मानगूट धरावी. मागे वळून पाहिलं तर टॉकीजवाले घड्याळ बघत होते.

मग निरोप आला, माणूस निघाला, पोचतोच. राणीसरकार उठल्या. यान बघितलं, चारी बाजूंनी. पेला घेतला, ओठांशी नेला, आणि थांबल्या. आणि मग पडद्यावर माझे हात आले! केवढाले, बाई! एकेक बोट खांबाएवढं. हातांनी पेला फडक्यावर वाकडा केला. आणि शेजारून धाकटा मोठ्याने म्हणाला, "आई, नको!"

मी म्हटलं, "काय नको? मी काय केलं?" मी तर गुपचूप बसले होते. त्याने माझा मनगटाशी हात धरला आणि धरूनच ठेवला.

तेव्हा लक्षात आलं, की कुर्र थांबलीय. एक खुर्ची हलेना. फडक्याचा घासल्याचा आवाज तेवढा.

शेवट मात्र मला अजिबात पटला नाही. म्हातारी सगळं लख्ख करते, दोन पेले मांडते, दाराशी बसते. दिवा लागतो, निरोप येतो, माणूस परस्पर पुढे गेला. ती एक पेला उचलून ठेवते आणि पुन्हा फडकं घेते. संपलं! हा काय शेवट झाला? तो कधी येतो, येतो की नाही, काही नाही. मला त्या म्हातारीचा एवढा संताप आला! इतकं सोसायचं कशाला? आणि त्या माणसाला कुणी काही बोलत का नाही? रडूही आलं मला, वेड्यासारखं. एवढी बावळट बाई, पण जीव तुटला तिच्यासाठी.

दिवे लागले तरी माणसं बसून. धाकटा रुमालात नाक शिंकरत होता, टॉकीजची हवा फारच थंड. टॉकीजवाले खाली आले, बिट्टीसमोर उभे राहिले. "एक आठवडा," म्हणाले. "मग बघू." आणि मला म्हणाले, "स्फोट नसला तरी चालेल."

घरी आल्यावर धाकट्याने चपलांचं खोकं काखेत मारलं. "कुठे?" बिट्टीने विचारलं. "बदलून आणतो," म्हणाला. "खाणीत चालायला बूट लागतील तुला. पुढचाही ग्रह तिथेच असेल ना?"

रविवार, १४ एप्रिल

थोरल्याचा फोन. आज वेळेच्या आधीच.

"आई, बिट्टीने सिनेमा पाठवला होता. पाहिला."

"शेवट कळला का तुला? मला नाही कळला."

मला वाटलं, लाइन गेली. हॅलो हॅलो केलं.

"आई, ते हात तुझे ना?"

"तुला कसं कळलं? तोंड तर राणीसरकारांचं आहे."

"करंगळी," म्हणाला, आणि पुन्हा लाइन गेल्यासारखी झाली. मग म्हणाला, "मी येतो, आई. पुढच्या महिन्यात."

"बरं."

"खरंच येतो."

"ये की. घर तुझंच आहे."

फोन ठेवला. सवयीने फडकं घेतलं आणि त्याच्या खोलीशी गेले. दार उघडलं. टेबलावर बारीक धूळ बसली होती, उन्हात दिसत होती. बराच वेळ बघत उभी राहिले. कळकट्या म्हणतो तसं, कुणी राहत असल्यासारखं काही वाटेना, ना धुळीने, ना पुसण्याने.

फडकं दाराच्या कडीला अडकवलं आणि खाली गेले. गॅरेजमध्ये पोरं यान मोडत होती, त्यांना चहा हवा होता. थोरला आला की फडकं कुठे आहे ते त्याला दाखवीन. खोली त्याची, पुसेल तोच.